मूत्रपिंडाला धुलाई नको, राखण हवी

औषधाच्या दुकानात, मोबाइलवरच्या जाहिरातीत आणि शेजारपाजारच्या सल्ल्यांत हल्ली एक शब्दप्रयोग सतत कानावर पडतो : ‘किडनी साफ करणं’. कोणी त्यासाठी काढा सुचवतो, कोणी हिरवा रस, तर कोणी रोज चार-पाच लिटर पाणी. सगळ्यांच्या मागे समजूत एकच असते. मूत्रपिंड म्हणजे शरीराचं मोरीचं तोंड, तिथे गाळ साचतो आणि तो अधूनमधून धुवून काढावा लागतो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे दुहेरी नुकसान होतं. नको ते उपाय केले जातात आणि जे करायला हवं ते राहून जातं. मूत्रपिंड टाकाऊ पदार्थ बाहेर टाकतं हे खरं. मात्र त्याचा बहुतेक वेळ आणि बहुतेक शक्ती खर्च होते ती शरीरातलं पाणी, मीठ आणि इतर कामाचे पदार्थ राखून ठेवण्यात. हे एकदा नीट समजलं, की कोणता सल्ला घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे बऱ्याच अंशी आपलं आपल्याला ठरवता येतं. त्यासाठी सुरुवात माणसापासून न करता थोडं मागे, पाठीचा कणा असलेल्या इतर प्राण्यांपर्यंत जाणं सोयीचं आहे.

अन्नातले पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ शरीरात वापरले गेले की मागे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. त्याची विल्हेवाट फुप्फुसं लावतात. अडचण प्रथिनांची असते. त्यांच्यात नायट्रोजन असतो आणि प्रथिनं मोडली की त्याचा अमोनिया होतो. अमोनिया विषारी आहे. तो शरीरात साठवता येत नाही, आणि पातळ करून टाकायचा तर पाणी अमाप लागतं. पाण्यातच राहणाऱ्या बहुतेक माशांना ही चैन परवडते. त्यांचा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून थेट भोवतालच्या पाण्यात जातो. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना हा मार्ग उरला नाही. सस्तन प्राण्यांनी अमोनियाचा युरिया करण्याची वाट धरली. हे काम यकृतात चालतं आणि त्याचे रासायनिक टप्पे हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी 1932 साली उलगडले. युरिया अमोनियापेक्षा पुष्कळ सौम्य, त्यामुळे तो थोड्या पाण्यात जास्त प्रमाणात टाकता येतो. पक्षी आणि बहुतेक सरपटणारे प्राणी आणखी पुढे गेले. त्यांनी युरिक अॅसिड निवडलं. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते पांढऱ्या लगद्याच्या रूपात टाकलं की पाणी जवळपास वाचतंच. भिंतीवरच्या पालीच्या विष्ठेला जे पांढरं टोक दिसतं किंवा खिडकीखाली कबुतरं जो पांढरा राडा करतात, ते हेच युरिक अॅसिड. बंद कवचाच्या अंड्यात वाढणाऱ्या पिलालाही याच युक्तीचा फायदा होतो. टाकाऊ पदार्थ न विरघळता एका कोपऱ्यात पडून राहतो आणि पिलाला बाधत नाही.

एकाच प्राण्याच्या आयुष्यातही हा बदल दिसतो. बेडकाचं पिल्लू पाण्यात असताना अमोनिया टाकतं आणि तेच मोठं होऊन जमिनीवर आलं की युरिया टाकू लागतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरत असतं, म्हणून तो भरपूर आणि पातळ लघवी करतो आणि मीठ मात्र धरून ठेवतो. समुद्रातल्या बांगड्या-पापलेटांची स्थिती नेमकी उलट. खाऱ्या पाण्यामुळे त्यांच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून ते समुद्राचं पाणी पितात, जादा मीठ कल्ल्यांतून टाकतात आणि लघवी अगदी थोडी करतात. मुशीने म्हणजे शार्कने तिसराच उपाय काढला. ती युरिया टाकून न देता रक्तात साठवून ठेवते आणि रक्ताची संहती समुद्राच्या पाण्याच्या बरोबरीला आणते. कोकणात शिळी मोरी, म्हणजे हीच मुशी, शिजवताना जो उग्र दर्प येतो, तो याच युरियाचा जंतूंनी अमोनिया केल्यामुळे. म्हणजे एका प्राण्याचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू ठरतो. काय टाकायचं हे पदार्थावरून ठरत नाही, भोवती पाणी किती आहे आणि अंगात किती राखायचं आहे यावरून ठरतं. उत्सर्जन हा विषय मुळात पाण्याच्या हिशेबाचा आहे तो असा.

या हिशेबात माणूस मध्यम प्रतीचा आहे. अमेरिकेतल्या वाळवंटात राहणारा कांगारू उंदीर माणसाच्या चौपटीहून अधिक दाट लघवी करू शकतो आणि कोरडे दाणे खाऊन, पाणी न पिता जगतो. उंटही आपल्याहून बराच दाट मूत्र तयार करतो. आपल्याला मात्र रोजचे टाकाऊ पदार्थ आणि जादा क्षार बाहेर काढायला, लघवी कितीही दाट केली तरी दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी खर्चावंच लागतं. त्याखाली उतरायची सोय नाही. समुद्राचं पाणी पिऊन माणूस वाचत नाही त्याचंही कारण हेच. त्यातलं मीठ बाहेर टाकायला, प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी अंगातून जातं. म्हणून मूत्रपिंडाची काळजी घेण्यात पाण्याला महत्त्व आहे यात वाद नाही. प्रश्न किती आणि कोणासाठी, एवढाच आहे. त्याचं उत्तर पुढे येईल.

आता माणसाच्या मूत्रसंस्थेकडे वळू. कमरेच्या वर, पाठीकडच्या बाजूला दोन मूत्रपिंडं असतात. प्रत्येक साधारण मुठीएवढं आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं. त्यांपासून निघालेल्या दोन मूत्रवाहिन्या मूत्राशयात उतरतात, आणि तिथे साठलेली लघवी मूत्रमार्गाने बाहेर पडते. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. तिथे रक्तदाबाच्या जोरावर पाणी आणि लहान रेणू गाळले जातात, रक्तपेशी आणि प्रथिनं मात्र मागे राहतात. हा गाळलेला द्रव पुढे एका लांब, वळणावळणाच्या नलिकेतून जातो आणि त्यातला बहुतेक भाग तिथे परत रक्तात घेतला जातो. हे खरोखर असंच घडतं हे 1924 साली जोसेफ वर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी बेडकावर प्रयोग करून दाखवलं. अतिसूक्ष्म नळीने त्यांनी नेफ्रॉनच्या तोंडाशीच द्रव काढला. त्यात साखर सापडली, मूत्राशयातल्या लघवीत ती नव्हती. म्हणजे साखर आधी गाळली गेली आणि वाटेत परत घेतली गेली. निरोगी माणसात दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव असा गाळला जातो आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. शंभरातले नव्याण्णव भाग परत घेणाऱ्या इंद्रियाला केवळ कचरा फेकणारं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही.

सगळं गाळून मग परत घेण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं कोणीही विचारेल. घरातली नको ती वस्तू शोधत बसण्याऐवजी सगळं सामान अंगणात काढायचं आणि हवं तेवढंच आत घ्यायचं, तसा हा प्रकार आहे. त्याचा फायदा असा, की शरीराने पूर्वी कधीच न पाहिलेला विद्राव्य पदार्थ किंवा औषधही, परत घेण्याची सोय नसल्याने, आपोआप बाहेर जाऊ शकतं. रक्तातला द्रवभाग साधारण तीन लिटर असतो, म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. इतकं काम अहोरात्र चाललेलं असताना त्याला बाहेरून ‘साफ’ करण्याची कल्पनाच निरर्थक ठरते. मात्र या पद्धतीची किंमतही मोठी आहे. शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही नसलेली ही दोन इंद्रियं हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा घेतात आणि नलिकांना परत घेण्याच्या कामासाठी सतत प्राणवायू लागतो. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात तर प्राणवायू मुळातच बेताचा पोहोचतो. मूत्रपिंडाला धोका कुठून येतो हे यावरून कळतं. गुच्छावरचा दाब वाढला तर गाळणारा पडदा झिजतो, रक्ताचा पुरवठा घटला तर नलिका मरतात आणि बाहेरचा मार्ग अडला तर लघवीचा दाब उलटा मूत्रपिंडावर येतो. राखायच्या जागा या तीन आहेत.

मूत्रपिंडाची झीज सहसा दुखत नाही, हा यातला सर्वांत फसवा भाग. ‘मला काही त्रास नाही, लघवी भरपूर होते, मग तपासणी कशाला?’ हा आक्षेप म्हणूनच सर्रास घेतला जातो. निसर्गाने दिलेली शिल्लक इतकी मोठी आहे, की एक मूत्रपिंड दान केलेल्या माणसाचं दुसरं थोडं मोठं होतं आणि दोघांच्या मूळ कामाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास काम एकटं उचलतं. पण याच शिल्लकीमुळे निम्मं काम बंद पडेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. पाय सुजणं, भूक मरणं, दम लागणं, अंगाला खाज येणं ही लक्षणं पुष्कळ उशिरा दिसतात. लघवी भरपूर होणं हाही पुरावा नव्हे. आजारी मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद आधी जाते, त्यामुळे रात्री उठून जास्त लघवी होणं हेच कधीकधी बिघाडाचं चिन्ह असतं. ‘एका मूत्रपिंडावर माणूस जगतो, मग काळजी कसली?’ असंही म्हटलं जातं. दात्याची निवड कसून तपासणी करून केलेली असते. मधुमेह आणि रक्तदाब मात्र दोन्ही मूत्रपिंडांवर एकाच वेळी घाला घालतात. झीज भरून काढण्याची सोयही आपल्याला नाही. अनेक मासे आयुष्यभर नवे नेफ्रॉन बनवू शकतात. माणसाचे नेफ्रॉन आईच्या पोटात, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात, त्यानंतर एकही नवा मिळत नाही. गेलेला नेफ्रॉन कायमचा गेला.

म्हणून पहिली राखण गाळणाऱ्या पडद्याची, आणि ती करायची तर मधुमेह आणि रक्तदाब ताब्यात ठेवायचे. मूत्रपिंड निकामी होण्याची ही दोन सर्वांत मोठी कारणं आहेत. यांपैकी काहीही असेल, घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा वय साठीपुढे गेलं असेल, तर वर्षातून एकदा दोन चाचण्या करून घ्याव्यात. एक रक्तातल्या क्रिएटिनिनची आणि दुसरी लघवीतल्या अल्ब्युमिनची. दुसरीला प्रयोगशाळेत ‘युरिन एसीआर’ म्हणतात. बरेच जण फक्त क्रिएटिनिन पाहून निश्चिंत होतात आणि तिथेच फसगत होते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. बारीक चणीच्या वृद्ध स्त्रीचं मूत्रपिंड बरंच झिजलेलं असूनही तिचा आकडा ‘नॉर्मल’ चौकटीत बसू शकतो. त्यामुळे अहवालात वय आणि लिंग धरून काढलेला ‘ईजीएफआर’ हा आकडा आहे का ते पाहावं, नसेल तर विचारावं. तो तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर तो दीर्घकालीन विकार मानला जातो. लघवीतलं अल्ब्युमिन तर ईजीएफआर घसरण्याच्या आधीच वाढू शकतं. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन पुन्हा पुन्हा दिसलं, तर पडदा गळू लागला असं समजावं. फेस बराच वेळ टिकून राहणारी लघवी दिसली तरी ही चाचणी करावी. मात्र एका अहवालावरून घाबरून जाऊ नये. ताप, जंतुसंसर्ग किंवा जोरदार व्यायाम यांमुळेही आकडा तात्पुरता वाढतो.

‘रक्तदाबाच्या आणि शुगरच्या गोळ्यांनीच किडनी खराब होते’ हा दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो, आणि त्यापायी अनेक जण गोळ्या परस्पर बंद करतात. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्याचं मूत्रपिंड बिघडलेलं दिसतं हे खरं असलं, तरी बिघडवणारा असतो तो ज्यासाठी गोळी चालू आहे तो आजार. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधं गुच्छातला दाब उतरवतात. सुरुवातीला त्यामुळे क्रिएटिनिन किंचित वाढू शकतं, आणि लोक तिथेच घाबरतात. पण दाब उतरला म्हणजे गाळण थोडी मंदावणारच. दीर्घकाळात हेच औषध पडदा वाचवतं. डॉक्टर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगतात ते यासाठी. मधुमेहासाठी आलेलं डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध तर नलिकेत साखर परत घेण्याचं काम काही प्रमाणात रोखतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मूत्रपिंडाची घसरण स्पष्टपणे मंदावलेली दिसली, मधुमेह नसलेल्या रुग्णांतही. बेडकाच्या नेफ्रॉनमधून काढलेल्या थेंबाने जे दाखवलं, त्याच ज्ञानावर हे औषध उभं आहे. गोळीविषयी शंका असेल तर ती लिहून देणाऱ्यालाच विचारावी. गोळी बंद करून पाहण्याचा प्रयोग मात्र महागात पडतो.

दाबाशी जोडलेला रोजचा पदार्थ म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी, अशी आहे. आपल्या ताटात लोणचं, पापड, फरसाण, चटणी आणि बेकरीचे पदार्थ जमेस धरले, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. वरून मीठ न घेणं ही सुरुवात चांगली, पण ती पुरेशी नाही. ‘आम्ही सैंधव खातो’ हा बचाव इथे चालत नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं आणि मूत्रपिंडाला त्याचा रंग दिसत नाही. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालेल, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं.

दुसरी राखण रक्ताच्या पुरवठ्याची. इथे सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो तो वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत. गुडघे दुखले, कंबर धरली, की डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक यांची पाकिटं चिठ्ठीशिवाय आणली जातात. शरीरात पाणी कमी झालं की मूत्रपिंड स्वतःची रक्तवाहिनी रुंद ठेवून पुरवठा टिकवतं, आणि ही औषधं नेमकी तीच क्रिया बंद पाडतात. त्यांची ताकद किती, याचा भारतातला सर्वांत मोठा पुरावा पक्ष्यांनी दिला. 1990च्या दशकापासून गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी ही घट नोंदवली. 2004 साली पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून कारण कळलं. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत, आणि बाहेर न पडलेलं युरिक अॅसिड त्यांच्या अंतर्गत अवयवांवर पांढऱ्या थरासारखं साचत असे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 2007 पर्यंत 99 टक्क्यांहून जास्त घटली होती. भारताने 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही आणि निरोगी माणसाने क्वचित घेतलेल्या गोळीने बहुधा काही बिघडत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. पण वृद्ध, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि उन्हात राबणारे यांच्यासाठी ही सवय धोक्याची आहे.

म्हणून नियम सोपा ठेवावा. जुलाब, उलट्या, तीव्र ताप किंवा दिवसभर उन्हात काम झालं असेल, तर या गोळ्या घेऊ नयेत. दुखणं किंवा तापासाठी ठरलेल्या मात्रेतलं पॅरासिटामॉल मूत्रपिंडाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. जुलाब-उलट्यांत ‘ओआरएस’ लगेच सुरू करावं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आजारपणात एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावं. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमधल्या ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडाच्या विकाराची साथच दिसून आली आहे. त्यामागे उष्णतेत केलेल्या अतिकष्टाचा मोठा वाटा असल्याचं संशोधक मानतात, आणि पाणी, विश्रांती व सावली या तीन गोष्टींवर तिथे भर दिला जातो. आपल्याकडचे ऊसतोड मजूर, बांधकामावरचे कामगार आणि शेतमजूर यांच्या मुकादमांनी आणि मालकांनी या तीन गोष्टींची सोय करणं ही मेहेरबानी समजू नये. ती मजुरीइतकीच देणं लागणारी गोष्ट आहे.

आता पाण्याचा प्रश्न. ‘जास्त पाण्याने नुकसान तर होत नाही ना?’ असं विचारलं जातं. रोज आठ पेले पाणी हवंच, या नियमाचा शास्त्रीय आधार अमेरिकेतील मूत्रपिंडाचे अभ्यासक हाइन्झ व्हॉल्टिन यांनी 2002 साली शोधून पाहिला. निरोगी माणसासाठी तो त्यांना मिळाला नाही. कॅनडात मूत्रपिंडाचा मध्यम विकार असलेल्या रुग्णांना वर्षभर मुद्दाम जास्त पाणी प्यायला लावून पाहिलं गेलं. 2018 साली आलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या मूत्रपिंडाची घसरण त्यामुळे मंदावली नाही. याउलट मुतखड्याच्या बाबतीत पाणी हे खरं औषध आहे. इटलीत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदा खडा झालेल्या ज्या रुग्णांनी भरपूर पाणी पिऊन लघवीचं प्रमाण दिवसाला दोन लिटरवर ठेवलं, त्यांच्यापैकी पाच वर्षांत सुमारे 12 टक्के जणांना पुन्हा खडा झाला. इतरांत हे प्रमाण 27 टक्के होतं. म्हणजे पाण्याचा सल्ला माणसागणिक बदलतो. निरोगी माणसाने तहान आणि लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद असेल तर वाढवावं. वृद्धांना तहान कमी लागते, त्यांनी ठरावीक वेळी प्यावं. खडा झालेल्यांनी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं, मीठ कमी करावं आणि दूध-दही मात्र बंद करू नये. जेवणातलं कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, त्यामुळे ते तोडल्याने खडे वाढू शकतात. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळं झालेल्यांनी तर पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच प्यावं. त्यांच्या बाबतीत जास्त पाणी फुप्फुसात साठतं.

‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार?’ हा आक्षेपही तपासून पाहू. बेल्जियममध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या वनस्पतिजन्य गोळ्यांमुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. कारण निघालं अॅरिस्टोलोकिया या वनस्पतीतलं आम्ल. करमळ किंवा कमरख हे फळ निरोगी माणूस खातो, पण मूत्रपिंड दुबळं असलेल्याला तेच विषारी ठरू शकतं. याचा अर्थ सगळ्याच परंपरागत औषधांना नावं ठेवावीत असा नाही. घटक लिहिलेले नसलेली पुडी, कोणी दिलेलं भस्म किंवा ‘किडनी साफ’ करणारा काढा घेऊ नये आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये, एवढंच. बाहेरून आलेल्या प्रत्येक पदार्थाचा भार शेवटी याच नेफ्रॉनवर येतो.

तिसरी राखण बाहेरच्या मार्गाची. मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते, पण रोज तासन्‌तास तुंबवून ठेवणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं या दोन्ही सवयी वाईट. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. तरीही प्रवासात, बाजारात, कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही म्हणून असंख्य स्त्रिया सकाळपासून पाणी टाळतात. हा दोष त्यांच्या सवयीचा नाही, सोयीच्या अभावाचा आहे. मुंबईत 2011 साली सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने हाच प्रश्न चव्हाट्यावर आणला. लघवीला जळजळ, वारंवार लागणं आणि सोबत थंडी-ताप किंवा कुशीत दुखणं असेल, तर संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी उरलेल्या जुन्या गोळ्या न घेता लघवीची तपासणी करून, ठरलेले सगळे दिवस औषध घ्यावं. पन्नाशीपुढच्या पुरुषांनी धार बारीक होणं, लघवी अडकत होणं हे ‘वयामुळे’ म्हणून सोडू नये. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे तुंबलेली लघवी मूत्रपिंडांना इजा करू शकते. आणि लघवीत रक्त दिसलं, मग ते एकदाच आणि न दुखता का असेना, तर तपासणी टाळू नये. तंबाखू ओढणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचं ते पहिलं चिन्ह असू शकतं.

एवढं करूनही विकार निघाला, तर लपवण्यासारखं किंवा हातपाय गाळण्यासारखं त्यात काही नाही. लवकर कळलेला विकार औषध आणि पथ्याने पुष्कळ वर्षं रोखून धरता येतो. प्रथिनं, फळं, पाणी किती घ्यायचं हे मात्र ऐकीव माहितीवर ठरवू नये, प्रत्येकाच्या अवस्थेनुसार ते बदलतं. मूत्रपिंड निकामी झाल्यावरही डायलिसिस आणि प्रत्यारोपण हे मार्ग आहेत. गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 पासून सुरू आहे, जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. पण डायलिसिसचं यंत्र आठवड्यातून दोन-तीनदा, काही तास चालतं. निरोगी मूत्रपिंड दिवसरात्र जे राखतं, त्याचा थोडाच भाग त्याला साधतो. म्हणून वाचकांना विनंती एवढीच : ‘किडनी साफ’ करण्याच्या बाटलीवर जे पैसे जाणार असतील, ते या महिन्यात घरातल्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या क्रिएटिनिन आणि युरिन एसीआर या दोन चाचण्यांवर खर्च करा, आणि औषधाच्या डब्यातल्या वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय घेणं थांबवा.